चिमूटभर राख

आमच्या घरात मांजर होती आणि मी गरोदर होते. या दोन गोष्टी एका घरात सुखानं नांदू शकतात, असं डॉक्टरीणबाईंनी मला स्वच्छ सांगितलं होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्याचं खापर मांजरीवर फोडणं सोपं होतं. मांजर मांजरीसारखी वागली. तिच्याकडून वेगळं काही वागणं आम्हीच धरून चाललो होतो.

प्लेगचं साल होतं. आम्ही सुरतेत, नवागामात दोन खोल्यांत राहायचो. नवरा पांडेसऱ्याला डाइंग मिलमध्ये, रंगाच्या खात्यात. संध्याकाळी आला की त्याच्या कोपरापर्यंत कधी निळं, कधी गुलाबी. तिसरं माणूस म्हणजे सासूबाई, अमळनेरकडच्या. वीस वर्षं सुरतेत काढूनही त्यांच्या बोलण्याला सुरत लागली नव्हती. भादव्यात प्लेगची आवई उठली, दोन दिवसांत आख्खी गल्ली रिकामी झाली, तशी आम्हीही कुलूप लावून गावी पळालो. मांजरीचा विचार कोणी केला नाही. ती तशी घरचीही नव्हती. पत्र्यावरून यायची, भाकरीचा तुकडा खाऊन जायची. तिला चप्पल फेकून मारण्यात नवऱ्याचा नेम चांगला बसला होता.

दसऱ्यानंतर परत आलो, तर शेजारीपाजारी प्रत्येकाच्या घरात काहीतरी कुरतडलेलं. गाद्या, पोती, एकीचा तर लग्नातला शालू. आमच्या घरात कुरतडलेली चिंधीसुद्धा नव्हती. मागच्या दाराच्या फटीतून आत शिरून मांजर चुलीच्या ओट्यावर बसली होती, हाडं मोजता येतील अशी, पण मालकिणीच्या थाटात. उंदराच्या नावानं तेव्हा माणसं थरथरत होती. नवरा त्याच संध्याकाळी तिच्यासाठी पावशेर दूध घेऊन आला. माणूस गरजेपुरता किती पटकन सुधारतो ते मी तेव्हा पाहिलं.

मला तिची गरज वेगळी होती. आदल्या वर्षी माझं पाचव्या महिन्यात गेलं होतं. मुलगा होता. त्यानंतर घरातली दोघं माझ्याशी हळू आवाजात बोलायची, आणि त्या हळू आवाजाचा मला संताप यायचा. मांजर तेवढी तसं काही करायची नाही. दुपारी मी आडवी झाले की पोटाशी येऊन गोल होऊन झोपायची. रिकाम्या पोटाशी ती ऊब मला हवी असायची.

दिवाळीनंतर मला परत दिवस गेले. आणि संक्रांतीनंतर लक्षात आलं की मांजरीचंही पोट खाली आलंय. तिची पहिलीच वेळ असावी, तिचा सगळा बांधा अजून पोरसवदा होता. नवरा हसून म्हणाला, घरात दोन बाळंतपणं काढावी लागणार. सासूबाई हसल्या नाहीत. त्या दोन बोटांनी कानाच्या पाळ्यांना शिवल्या आणि आत निघून गेल्या.

तिसऱ्या महिन्यात मी डॉक्टरीणबाईंकडे गेले. गुजराती बाई, वयस्क, कमी बोलणाऱ्या. आधीचं मूल गेलेलं म्हणून त्यांनी बरंच काही विचारलं, आणि त्यातच विचारलं, घरात मांजर आहे का? मी हो म्हणाले. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि रक्त काढायला सांगितलं. रक्त रिंगरोडच्या एका लॅबला जाणार होतं आणि आठ दिवस लागणार होते. त्या आठ दिवसांत मी मांजरीला पोटाशी येऊ दिलं नाही. ती दारात बसून माझ्याकडे बघत राहायची.

रिपोर्ट चांगला आला. नवऱ्यानं वाटेतच पेढे घेतले होते. डॉक्टरीणबाईंनी पेढा घेतला, टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "रिपोर्ट सारो छे, एटले ज मने बीक छे."

रिपोर्ट चांगला आहे म्हणूनच भीती वाटते, हे माझ्या डोक्यात शिरेना. मग त्यांनी मला आणि सासूबाईंना समोर बसवून, लहान पोरांना सांगावं तसं समजावलं. मांजरीच्या विष्ठेतून एक रोग येतो. मोठ्या माणसाला साध्या सर्दीतापासारखा येऊन जातो, कळतही नाही, आणि एकदा येऊन गेला की अंग पक्कं होतं. तुझ्या रक्तात त्याची खूण नाही, म्हणजे तुला तो कधी झालेलाच नाही. आता पोटात मूल असताना पहिल्यांदा झाला, तर तो मुलापर्यंत जाऊ शकतो. मेंदूला लागतो, डोळ्यांना लागतो. कधी मूल राहतच नाही.

मांजर आजच सोडून येतो कडोदऱ्याच्या पलीकडे, असं नवरा लगेच म्हणाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्याची गरज नाही. मांजरीला हात लावल्यानं काही होत नाही, तिच्या घाणीला लावल्यानं होतं. तिला कच्चं मटण घालायचं नाही. तिची घाण सुनेनं काढायची नाही, दुसऱ्या कोणी काढायची, आणि रोजच्या रोज, कारण ताजी असते तोवर ती बाधत नाही, दिवस दोन दिवस पडून राहिली की विषारी होते. साबणानं हात. भाजी तीनदा धुवायची. मातीत हात घालायचा नाही. काही आठवड्यांनी परत रक्त द्यायचं. आणि मग माझ्याकडे बघून विचारलं, माती खातेस का? इकडच्या बायका बाजारातून भाजलेली माती आणून खातात, त्यांना ते ठाऊक होतं.

मी नाही म्हणाले. ते खरं होतं. मी माती खात नव्हते.

घरी आल्यावर नवऱ्यानं परत कडोदऱ्याचा विषय काढला. मांजर जायला मला नको होती, पण बोलायची सोय नव्हती. सुनेला मुलापेक्षा मांजर प्यारी, असं कोणी म्हणालं असतं तर मी काय सांगणार होते? तेव्हा सासूबाई बोलल्या. त्या पोळपाट धूत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "गाभण जनावरले घरमाईन काढानं नही. आपला घर बी तेच शे."

गाभण जनावराला घराबाहेर काढलं की ते आपल्या घरातल्या पोटाला लागतं, असा त्यांचा समज होता. नवऱ्यानं कडोदऱ्याचा विषय सोडून दिला. तसं बघितलं तर तिला ठेवायचं कारण त्यांचं निराळं, माझं निराळं आणि नवऱ्याला उंदरांची धास्ती होतीच. तिघांच्या तीन कारणांनी मांजर राहिली.

त्या दिवसापासून सासूबाईंनी डॉक्टरीणबाईंचा शब्द न् शब्द पाळला. एक घमेलं रेतीनं भरून मागच्या बोळात ठेवलं. सकाळी उठल्यावर पहिलं काम घमेलं बघायचं, मग साबणानं कोपरापर्यंत हात धुवायचे, मग भाकरीला पीठ घ्यायचं. मला बोळात पाऊल टाकू देत नव्हत्या. मांजर घमेल्याशी यायची, रेती हुंगायची आणि निघून जायची. घमेलं रोज कोरडं असायचं. सासूबाई कौतुकानं म्हणायच्या, किती स्वच्छ जनावर आहे, घरात करतच नाही, लांब कुठेतरी जाते. ती कुठे जाते हे बघायला मात्र तिच्या मागे कोणी गेलं नाही.

आता राखेचं सांगते. रॉकेल रेशनवर मिळेल तेवढंच, म्हणून चहा स्टोव्हवर आणि भाकरी मागच्या चुलीवर, लाकडाच्या वखारीतून आणलेल्या छिलक्यांवर व्हायची. चुलीतली राख तेलाच्या कापलेल्या डब्यात भरून मोरीच्या कोपऱ्यात ठेवलेली असायची. त्या राखेनं आणि नारळाच्या शेंडीनं मी दोन वेळची भांडी घासायची. गल्लीत तेव्हा सगळ्यांकडे हेच होतं. भांड्यांची पावडर टीव्हीवर दिसायची, आम्ही तिला नावं ठेवायचो. राखेसारखी भांडी निघत नाहीत, आणि राख म्हणजे अग्नीनं शुद्ध केलेली वस्तू. विटाळाची भांडीसुद्धा राखेनं घासली की शुद्ध होतात, हे मी माहेरीही ऐकलं होतं आणि सासरीही.

दुसरा महिना लागल्यापासून त्या राखेच्या वासानं माझ्या तोंडाला पाणी सुटायला लागलं होतं. विझत्या चुलीवर पाण्याचा हबका मारल्यावर जो वास उठतो, त्यानं जीव कासावीस व्हायचा. लोक डोहाळ्यांना चिंचा मागतात, आंबे मागतात. मला राख. एक दिवस भांडी घासता घासता चिमूटभर जिभेवर ठेवली आणि जे बरं वाटलं ते मला आजही नीट सांगता येणार नाही. मग रोजच. सकाळी एक चिमूट, दुपारी एक. डॉक्टरीणबाईंनी मातीचं विचारलं तेव्हा माझ्या मनात राख आली होती, नाही असं नाही. पण राख म्हणजे माती थोडीच? मांजर डोळे मिटून दूध पिते म्हणतात. मी डोळे मिटून राख खात होते.

फाल्गुन लागला होता. एका सकाळी मी डब्यातून ओंजळभर राख काढली, चिमूट जिभेवर ठेवली आणि उरलेल्या राखेत बोटं घातली. आत काहीतरी टणक लागलं. निखाऱ्याचा कोळसा समजून मी तो चिरडला. तो कोळशासारखा फुटला नाही. बोटांत पसरला, आणि वास आला.

मी डबा मोरीत पालथा केला. वरची राख सुकी, खालची मोरीच्या ओलीनं दमट. आणि त्या दमट राखेत थरावर थर, काही जुनं पांढुरकं झालेलं, काही नवं. किती दिवसांचं असेल कोण जाणे. थंडीत कोमट राख सोडून ती गार रेतीत कशाला जाईल? सकाळी आम्ही चूल आवरून डबा भरायचो, दुपारी ती येऊन त्यात उकरायची, वरून झाकून ठेवायची, आणि संध्याकाळी मी त्याच राखेनं आमची ताटं घासायची. आणि खायची.

मी तोंडात बोटं घालून उलटी काढली. चुळा भरल्या, साबणानं जीभसुद्धा धुतली. मग ती सगळी राख पोत्यात भरली, बोळाच्या टोकाला गटाराच्या खड्ड्यात टाकून आले, डबा घासून उन्हात ठेवला. सासूबाई देवळातून यायच्या आत मोरी लख्ख झाली होती. त्या आल्या आणि म्हणाल्या, आज फार काम काढलंस, दमशील.

मी सांगायला हवं होतं. तेव्हाच, त्याच दुपारी चालत जाऊन डॉक्टरीणबाईंना सांगायला हवं होतं. मी का सांगितलं नाही ते आता लपवत नाही. मांजरीचं काय होईल ही भीती होतीच. पण खरी भीती वेगळी होती. मी राख खाते हे बाहेर आलं असतं. आधीचं मूल गेलेली बाई दुसऱ्या खेपेला चोरून उकिरडा खात होती, हे मला कोणाच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. मी मनाशी हिशेब लावला की एवढ्या दिवसांत काही झालं नाही, म्हणजे आता होणार नाही. भांड्यांसाठी साबणाची वडी आणली, राखेनं हात फाटतात असं कारण सांगितलं. डब्यावर दगडी पाटा झाकून ठेवला. त्यानंतर एकदाच, चार-पाच दिवसांनी, मला ताप आला आणि मानेत बारीक गाठी लागल्या. उन्हाचा ताप, म्हटलं सगळ्यांनी. मीही म्हटलं.

मांजर त्याच सुमारास व्याली. पलंगाखाली, ट्रंकेच्या मागे, चार पिल्लं. मी खाली वाकून बघितलं तर ती पिल्लांना चाटत होती आणि मला बघून तिनं डोळे बारीक केले. मला तिचा राग आला नाही. आपलं पोटातलं पोर असं चाटायला मिळेल का, एवढंच मनात आलं आणि मी पटकन उठले.

पाच आठवड्यांनी ठरल्याप्रमाणे दुसऱ्यांदा रक्त दिलं. या वेळी पेढे आणले नव्हते. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले. मग म्हणाल्या, आधी नव्हता, आता आहे, आणि नवा आहे. कधी शिरला ते कळलं असतं तर गोळ्या तेव्हाच सुरू केल्या असत्या. गोळ्या लवकर सुरू झाल्या की मुलापर्यंत जायला अडवता येतं. उशीर होतो तसं अडवणं कठीण होतं. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या, त्या सुरतेत मिळाल्या नाहीत, मुंबईहून मागवाव्या लागल्या. त्यात आणखी सहा दिवस गेले.

हे झालं कसं, असं त्यांनी विचारलं. मी जमिनीकडे बघत होते. माझ्या शेजारून सासूबाई बोलल्या. त्या रडत नव्हत्या. मोडक्यातोडक्या गुजरातीत सांगायला लागल्या की घमेलं त्याच बघत होत्या, हात धूत होत्या, पण एखाद दिवशी राहिलं असेल, त्याच हातांनी भाकरी थापली असेल. घमेल्यात कधी काही नव्हतंच, हे त्यांना स्वतःलाही आठवलं नाही. दोष कोणाचातरी असायला हवा होता आणि त्यांनी तो स्वतःच्या पदरात घेतला. डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. झाकली मूठ म्हणतात ना, ती मी झाकलेलीच ठेवली.

त्यानंतर बाळंत होईपर्यंत सासूबाईंनी भाकरीला हात लावला नाही. पीठ मी मळायचं, त्यांनी नुसतं चुलीशी बसून जाळ सारायचा. पिल्लं मोठी झाली तशी मांजर त्यांना एकेक करून तोंडात धरून शेजारच्या घरी घेऊन गेली. मांजर पिल्लांना सात घरं दाखवते. आमचं पहिलं होतं, परत तिनं आमच्याकडे बिऱ्हाड केलं नाही. नवऱ्यानं मोरीत उंदराचा पिंजरा लावला.

श्रावणात मुलगा झाला. रडला, दूध ओढलं, वजनही बरं होतं. सगळी बोटं, सगळे अवयव. मी त्याला उलटंपालटं करून बघितलं आणि मोठ्यानं हसले, आणि हसताना घाबरले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दर वर्षी डोळे दाखवायचे, न चुकता. पहिल्या वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरांना डाव्या डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, कडेला, एक जुना डाग दिसला. झोपलेला आहे, म्हणाले. असे डाग आयुष्यभर झोपून राहतात. कधी कधी जागे होतात.

मग मी घरीच तपासायला लागले. रोज सकाळी त्याला मांडीवर घ्यायची, एक डोळा तळहातानं झाकायचा, बोटं दाखवायची, किती? मग दुसरा डोळा. त्याला तो खेळ वाटायचा. तो चार वर्षांचा झाला तोवर बोटं मोजायचा कंटाळा आला होता, म्हणून मी विचारायची, काय दिसतं? तो सांगायचा, कॅलेंडर, पंखा, आजी. एका सकाळी मी त्याचा उजवा डोळा झाकला आणि विचारलं. त्यानं माझ्याकडे बघितलं, मग मान थोडी वाकडी केली, परत बघितलं.

"मम्मी, तुना कान शेतस," तो आजीच्या बोलीत म्हणाला. "तोंड नही शे."

मी हात काढला, परत झाकला, परत विचारलं. तो हसायला लागला. त्याला वाटलं, मीच काहीतरी गंमत करून तोंड लपवलंय.

त्याच दिवशी आम्ही डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. मी, सासूबाई, आणि माझ्या मांडीवर तो. डॉक्टरांनी औषध घालून बाहुली मोठी केली, अंधार करून बराच वेळ बघितलं. जुन्या डागाजवळ नवा उठला होता, बरोबर मधोमध. गोळ्यांनी तो निवेल, म्हणाले, पण तिथली नजर परत यायची आशा कमी आहे. मग दिवा लावून ते कागदावर लिहायला बसले आणि लिहिता लिहिता विचारलं, गरोदरपणी आईला हा रोग कसा झाला होता, काही कळलं होतं का?

मी तोंड उघडलं होतं. हे मी शपथेवर सांगते.

माझ्याआधी सासूबाई बोलल्या. त्यांनी दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले, चार वर्षं साबण चोळून चोळून कातडं पातळ झालेले ते हात, आणि माझ्या पोराकडे बघत म्हणाल्या, "मना हातनं पाप शे हाई."

डॉक्टरांना ते कळलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, या काय म्हणतात?

माझा मुलगा त्याच्या मोठ्या झालेल्या काळ्या बाहुल्यांनी माझा चेहरा शोधत होता. मी डॉक्टरांना सांगितलं, मांजरीची घाण या काढायच्या, हात नीट धुतले गेले नाहीत. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं.